विसावं पत्र

"…मग यात चूक कुठं आहे, तेवढंच सांगा."

सहा पानांचं पत्र बुवांच्या मांडीवर होतं. वकिलांनी ते नुकतंच वाचून दाखवलं होतं, तेही उभं राहून. ओसरीवर ऐकायला बुवा आणि मी, दोघंच होतो, पण आवाज भरल्या सभेत लावतात तसा लावलेला.

मी हौसाबाई. या मठात अठरा वर्षं स्वैपाक करते. बुवांचं बोलणं ऐकायला लोक कुठून कुठून येतात. मला ते तांदूळ निवडता निवडता कानावर पडतं आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. त्या दिवशीचं मात्र गेलं नाही. म्हणून सांगते.

केरोबुवा ब्याऐंशी वर्षांचे. डोळ्यांना कमी दिसतं, कान मात्र तिखट.

वकिलांचं नाव यदुनाथ परांडेकर. तरुणपणी वर्षभर मठात शिकायला होते, मग वकिली केली, वर्षभरामागं काळा कोट उतरवला. कोट उतरवला असं ते म्हणत होते. मला काही तो उतरलेला दिसत नव्हता.

"बुवा, चूक आहे की नाही?"

"चूक नाही."

"नाही ना? मग ती का येत नाही?"

…

"तिनं मान्य केलंय! जेवताना, माझ्या तोंडावर म्हणाली, 'तुमचं बरोबर आहे.' आता मान्य केलं की वाद संपला. वाद संपला की घर सोडायला कारणच उरत नाही. आणि ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली! मान्य करून गेली!"

मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला, पण बुवांना ऐकू गेलंच.

ती म्हणजे त्यांची बायको, कालिंदीबाई. लग्नाला अडतीस वर्षं झालेली. एके दिवशी ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, थोडे दिवस कोकणात बहिणीकडे राहावंसं वाटतंय, समुद्राजवळ. वकिलांनी विचारलं, का? त्या म्हणाल्या, असंच.

त्या घरात 'असंच' चालत नव्हतं. नवं पातेलं घ्यायचं तर का, भिंतीला रंग द्यायचा तर का. वकिलांनी आमटी निवेपर्यंत पाच मुद्दे मांडले आणि जायची काही गरज नाही हे सिद्ध केलं. कालिंदीबाई 'बरोबर आहे' म्हणाल्या, ताटं उचलली आणि सकाळच्या गाडीनं गेल्या.

त्याला चौदा महिने झाले होते.

"एकोणीस पत्रं लिहिली," वकील म्हणाले. "सगळी रजिस्टर, पोचपावतीसह. प्रत्येकात मागच्याहून चांगली मांडणी. हे विसावं. अजून टाकलेलं नाही. तुम्ही बघितल्यावरच टाकणार."

"बायकोच्या पत्राला पोचपावती कशाला हो लागते?" मी विचारलं. मध्ये बोलायचा मला काही हक्क नाही, पण बोलते मी.

"पुरावा लागतो, बाई."

असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक जुडगा काढला. टपालाची ती कार्डं होती, पत्र मिळालं म्हणून सही करून परत येतात ती. दोऱ्यानं बांधलेली, अठरा. दोरा सोडला आणि एकेक ओसरीवर मांडायला लागले.

"ही तिची सही. पहिल्या दोन-तीन कार्डांवर पूर्ण नाव आहे बघा, कालिंदी यदुनाथ परांडेकर. मग नुसतं कालिंदी. मग हे नुसतं 'का'."

बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या अक्षरावरून फिरत होता. त्यांना ते कळतसुद्धा नव्हतं. पुरावा असा कुणी कुरवाळतं का?

"आणि एकोणिसावं?" बुवांनी विचारलं.

…

"परत आलं. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून." त्यांनी कार्डं गोळा केली. "म्हणजे आता सहीसुद्धा नाही. बुवा, घरात आवाजच नाही हो. कपाट उघडलं तर तेवढाच आवाज. या पत्रानं काम झालं नाही, तर मग ती येत नाही. माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही."

"तुला ती हवी आहे."

"अर्थात!"

"हे सहा पानांत कुठं आहे?"

"ते गृहीतच आहे, बुवा. त्याला वेगळा मुद्दा कशाला?"

बुवांनी बाजूची कुबडी जवळ ओढली.

कुबडी म्हणजे बैरागी लोक बसल्यावर काखेखाली घेतात ती, वर आडवं लाकूड असलेली. आमच्या मठात तिची एक रीत आहे. दोघांचा वाद असला की ज्याचं म्हणणं चाललंय त्याच्या हातात कुबडी. दुसऱ्याला उत्तर द्यायचं असेल, तर आधी पहिल्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते ऐकून पहिल्याला वाटलं, हो, हेच माझं म्हणणं, तर तो आपल्या हातानं कुबडी देणार. हिसकायची नाही, मागायचीही नाही. ती हातात आल्याशिवाय उत्तराचा एक शब्द काढायचा नाही.

गावातली भांडणं येतात ना, दर गुरुवारी. मागं दोघी जावा आल्या होत्या, वाळत घालायच्या दोरीवरून. तीन तास बसल्या. शेवटी थोरलीनं धाकटीचं गाऱ्हाणं असं सांगितलं की धाकटी रडायलाच लागली आणि कुबडी तिच्या हातात कोंबून म्हणाली, चला, पोरं शाळेतून यायची झाली. उत्तर कुणी दिलंच नाही.

"रीत आठवते?" बुवांनी विचारलं.

"आठवते? मला?" वकिलांची मान ताठ झाली. "बुवा, माझ्याइतक्या झटपट कुबडी इथं कुणाला मिळत नव्हती. तुम्हीच म्हणायचात. आणि हेच मी आयुष्यभर केलं. समोरच्याची बाजू आधी मांडायची, त्याला मांडता येणार नाही इतकी चांगली मांडायची. मग मोडायची. या पत्रात काय केलंय? पहिली दोन पानं तिचीच बाजू आहे!"

"हौसाबाई, हात धुऊन या. इथं बसा, याच्यासमोर."

"मी?"

"कालिंदीबाईंच्या जागी."

अगं बाई! मी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि बसले. बुवांनी कुबडी माझ्या हातात दिली. गुळगुळीत झालेली, उन्हानं कोमट लागत होती. अठरा वर्षांत मी ती रोज पुसली, धरून कधी बसले नव्हते.

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हाताला तांदळाची पांढरी भुकटी. त्यांना जरा हसू आलं असावं.

मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले.

"मी कालिंदी. अडतीस वर्षं मी या घरात आहे. माझ्या कष्टांना कुणी काम म्हटलं नाही. माझ्या आवडीला कुणी मत म्हटलं नाही. मला काही वाटलं, तर आधी कारण दाखवायचं आणि मग वाटून घ्यायचं, अशी अट. ही अट घरात आणखी कुणाला होती? तुम्हाला चहा दोनदा लागतो, त्याचं कारण मी कधी विचारलं? मनाला वाटणं हेच कारण असतं, हे तुम्ही स्वतःच्या बाबतीत मानता आणि माझ्या बाबतीत मानत नाही. म्हणून मी गेले."

बाई गं! काय बोलणं ते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा, देव त्याला जिथं असेल तिथं सुखी ठेवो, त्यानं माझं म्हणणं मोडून काढायचेसुद्धा कष्ट कधी घेतले नाहीत. मी बोलायला लागले की चप्पल घालून पारावर जायचा. आणि इथं एक माणूस बायकोच्या वतीनं इतकं बोलत होता. माझा हात कुबडीसकट पुढं झाला.

"हौसाबाई," बुवा म्हणाले, "हे तुमचं म्हणणं आहे?"

मी थांबले. वकिलांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, कुबडीकडं बघत होते.

"चांगलं बोलले हो."

"चांगलं बोलला का, ते नाही विचारलं."

…

"नाही," मी म्हटलं आणि कुबडी मागं घेतली.

"का?" वकील ताडकन म्हणाले.

"एवढं छान मला बोलता आलं असतं, तर मी घर कशाला सोडलं असतं? तिथंच बसून जिंकले नसते का?"

वकील बुवांकडं वळले. "हे काही उत्तर झालं? माझ्या मांडणीत काय खोटं होतं ते दाखवायला सांगा."

"खोटं काही नव्हतं. पुन्हा मांड."

त्यांनी पुन्हा मांडलं. यावेळी सूर मऊ, वाक्यं छोटी. आजारपणात एकटीनं काढलेले दिवस आले, न झालेल्या सहली आल्या. तेही खरंच असणार. मी कुबडी घट्ट धरून बसले. मलाच वाईट वाटत होतं, हो! समोरचा माणूस एवढा घामाघूम होतोय आणि मी मेली देत नाही. पण ते सगळं मला दुकानातनं आणलेल्या साडीसारखं वाटत होतं. सुरेख, पण मी नेसलेली नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे तिचं म्हणणं? तुम्हीच सांगा!" वकिलांचा आवाज चढला.

"मला काय ठाऊक? मी तुमची बायको आहे का?"

बुवा हसले नाहीत. मांडीवरची पानं त्यांनी एकावर एक नीट लावली.

"यदू, तुला इथं कुबडी लवकर मिळायची, कारण लोक दबायचे. आपलं गाऱ्हाणं इतकं देखणं झालेलं बघून त्यांना नाही म्हणायची लाज वाटायची. मला दिसत होतं ते. मी थांबवलं नाही. मला तुझं कौतुक होतं." … "ती चूक माझी."

बुवांनी कुणापाशी चूक कबूल केलेली मीही पहिल्यांदाच ऐकली.

"जाताना काही लिहून ठेवलं होतं तिनं?"

"एक चिठ्ठी होती. फडताळात, साखरेच्या डब्याखाली."

"दाखव."

…

"नाहीये."

"फाडलीस?"

"नाही हो, फाडेन कशी? परत पाठवली." ते खाली बघत म्हणाले. "समासात उत्तरं लिहून. तिला कळावं म्हणून, कुठल्या वाक्यात काय दोष आहे ते. मला सवय आहे, बुवा. कागद हातात आला की समासात लिहायचं. लिहिलं, पाकिटात घातलं, रजिस्टर केलं. पोस्टातून घरी आलो आणि मग लक्षात आलं की तिच्या हातचं दुसरं काहीच नाही घरात. वाण्याची यादीसुद्धा नाही. ती तोंडीच सांगायची."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही.

"उत्तरं काय लिहिली होतीस?"

"एक, 'बरोबर असल्यास जाण्याचे प्रयोजन काय?' दोन, 'जाते' हा निर्णय एकतर्फी आहे. तीन, मुदत नमूद नाही…" सहाच्या सहा त्यांनी घडाघड म्हणून दाखवली. एकदाही अडखळले नाहीत.

"आणि तिनं काय लिहिलं होतं?"

…

मठाखालच्या नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. ते आपटणं मी मोजायला लागले. अकरा झाली, तरी वकील बोलेनात. अडतीस वर्षं वकिली केलेला माणूस!

"'तुमचं सगळं बरोबर आहे,'" ते शेवटी म्हणाले. "असं होतं आधी. मग, 'मी जाते.'"

"पुढं?"

"पुढं अप्रस्तुत होतं."

"म्हणजे?"

"मुद्द्याला सोडून. तसं मी लिहिलंही होतं समासात. पुढच्या सगळ्या ओळींना मिळून एकच शेरा, अप्रस्तुत."

"सांग की."

वकिलांनी पुन्हा डोळे मिटले. मघासारखे नव्हेत. मघाशी भाषण करायला मिटले होते. आता काहीतरी दूरचं ऐकू येतंय का, असे मिटले.

"'दही विरजलंय.'" … "'तुमचा जाड चष्मा देवघरात राहिलाय.'" … "'मागच्या दारी एक साळुंकी येते, एका पायानं लंगडी. साडेदहाला येते. तिला पायरीवर चिमूटभर भात ठेवत जा.'"

ते थांबले.

"'भात नसला तरी ती ओरडत नाही. तशीच बसून राहते.'"

मी कुबडी कधी पुढं केली ते मला आठवत नाही. बुवांनी सांगितलं नव्हतं, मी काही ठरवलंही नव्हतं. बघते तर कुबडी वकिलांच्या हातात, आणि माझे हात मोकळे.

वकील कुबडीकडं बघत राहिले.

"मिळाली," बुवा म्हणाले. "आता उत्तर दे."

वकिलांनी सवयीनं घसा खाकरला. पाठ सरळ केली.

"माझं उत्तर असं की…"

…

"माझं उत्तर असं…"

धुणं आपटणारीनं धुणं आवरलं. ती घाट चढून गेली, तरी वकिलांचं वाक्य पुढं सरकेना. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"मी पाहिलीच नाही ती साळुंकी," ते म्हणाले. "साडेदहाला मी कोर्टात असायचो."

"आता?"

"आता घरीच असतो. साडेदहाला पत्र लिहायला बसतो. पुढच्या खोलीत. मागचं दार लावून घेतो, आवाज नको म्हणून."

मी पदर डोळ्यांना लावला. आता लपवायचं काय त्यात!

बुवांनी ती सहा पानं त्यांच्यापुढं ठेवली. वकिलांनी ती उचलली, पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि घडी करून कार्डांच्या जुडग्याखाली सारली.

"मग तिला लिहू काय, बुवा? काय लिहिलं म्हणजे ती येईल? मला ती हवी आहे हो. दुसरं काही नको. मी हरलो असं लिहू का?"

वकिलांनी कार्डांचा जुडगा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"की नुसतीच क्षमा मागू?"

बुवांनी हात पुढं केला. वकिलांना आधी कळलं नाही, मग त्यांनी कुबडी त्यांच्या हातात दिली. बुवांनी ती काखेखाली घेतली आणि उन्हाकडं तोंड केलं. डोळ्यांना कमी दिसत असलं, तरी वेळ त्यांना चेहऱ्यावरच्या उन्हावरून कळते.

वकील उठले, चपला शोधल्या. एक पाय घातला आणि तसेच उभे राहिले.

"बुवा… चौदा महिने झाले. ती साळुंकी अजून येत असेल?"

…

"अकराची गाडी गाठ," बुवा म्हणाले. "उद्या साडेदहाच्या आत मागचं दार उघड. आणि भात आधी निवू दे. पाखराची चोच भाजते."